नऊ नंबरचं झाकण

चावीकाकांना त्यांच्या कागदोपत्री नावानं हाक मारणारं एकच ठिकाण उरलं होतं, ते म्हणजे चौकशी आयोग. बाकी सगळं शहर त्यांना चावीकाका म्हणायचं. पाच फुटी लोखंडी चावी खांद्यावर टाकून माणूस तीस वर्षं गल्लीबोळ तुडवत फिरला, तर लोक त्याला दुसरं म्हणणार तरी काय. पुढे नोकरी सुटली, चावी तर तिच्याही आधी सुटली, पण नाव काही अंगावरून उतरलं नाही.

काम म्हणाल तर बघायला सोपं. रस्त्यात लोखंडी झाकण असतं, त्याच्याखाली छातीएवढा खड्डा, खड्ड्याच्या तळाशी व्हॉल्व्ह. त्याच्या डोक्यावर चावी बसवायची आणि आडवा दांडा दोन्ही हातांनी धरून गोल फिरायचं. एक फेरी म्हणजे एक आटा. किती आटे दिले त्यावर पाणी कुठवर चढणार ते ठरतं. नऊ नंबरला सहा आटे दिले की खालची आळी भरून निघायची आणि वरच्या आळीत नळ नुसता मांजरासारखा फिस्कारायचा. बारा दिले की वरच्या आळीच्या शेवटच्या घरातली बादलीसुद्धा भरायची. हे गणित कुठल्या नकाशावर नव्हतं. काकांच्या खांद्यात होतं. बायको म्हणायची, "शहराचे आटे मोजता मोजता यांचे स्वतःचे ढिले झाले." काका ऐकून घ्यायचे. तीस वर्षांच्या संसारात एवढं तर ऐकावंच लागतं.

अकरा वर्षांपूर्वी गटाराच्या खोदकामात नऊ नंबरची लाइन फुटली. चार दिवस दोन्ही आळ्यांना थेंब नाही. पाचव्या दिवशी जोड बसवला, पण तो कच्चा होता. वरून रबराची पट्टी गुंडाळलेली, शेजारून गटार वाहतंय. लाइन धुऊन, तपासून मगच पाणी सोडायचं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण आदल्या संध्याकाळी पाणी समितीच्या अध्यक्षांनी, ते खालच्या आळीतलेच, चौकात कर्णा लावून सांगितलं होतं, "उद्या सकाळी तुमच्या नळाला पाणी येईल, हा माझा शब्द आहे." शब्द अध्यक्षांचा होता, तो पाळायचा मात्र होता चावीवाल्यानं.

पाणी सुटलं. तिसऱ्या दिवशी घराघरांतून उलट्या-जुलाब सुरू झाले. आठवड्याभरात एकोणीस माणसं गेली.

आता काकांच्या डोक्यातला गुंता इथून सुरू होतो. त्या सकाळचं त्यांना सगळं आठवायचं, पण दोन तऱ्हांनी आठवायचं. एका आठवणीत जाड चष्म्याचे कनिष्ठ अभियंता साहेब गाडीतून न उतरता काच खाली करून म्हणतात, "नऊ नंबर सोड." आणि काका सोडतात. दुसऱ्या आठवणीत साहेबबिहेब कुणी नाही. रस्त्यावर रिकाम्या बादल्यांची रांग आहे, बायका कावल्यात, कुणाचं तान्हं रडतंय, आणि काकांना राहवत नाही म्हणून ते स्वतःच चावी बसवतात. दोन्ही आठवणींमध्ये ऊन तेच, चावीचा थंडपणा तोच. पहिली खरी असेल तर माणूस हुकमाचा ताबेदार. दुसरी खरी असेल तर एकोणीस माणसं त्याच्या दोन हातांनी गेली. अकरा वर्षं काका या दोन आठवणींच्या मधल्या बोळात उभे होते, आणि चौकशी संपेल तेव्हा आपल्यालाही कळेल, या आशेवर होते. मोठे लोक बसलेत, पगारी बसलेत, शोधून काढतीलच.

तसं बघायला गेलं तर उत्तर लिहिलेलं होतं. चावीवाल्यांची एक जुनी रीत होती. साहेब लोक हुकूम नेहमी तोंडी देणार. कागदावर द्यायचा म्हटला की त्यांचं पेन हरवतं. म्हणून काकांना ज्यांनी काम शिकवलं त्या थोरल्या मिस्त्रींनी सांगून ठेवलं होतं, "कागद साहेबाचा, झाकण आपलं." व्हॉल्व्ह फिरवला की झाकणाच्या आतल्या बाजूला, डांबराच्या थरावर खिळ्यानं ओरखडायचं: तारीख, आटे, आणि हुकूम कुणाचा त्याची खूण. मोठ्या साहेबांची खूण मिशी, मिस्त्रींची हातोडा, कनिष्ठ अभियंत्यांची चष्मा, म्हणजे दोन गोळे आणि मधे दांडी. स्वतःच्या मनानं फिरवला असेल तर आडवी रेघ. हे साहेबांना कधी सांगायचं नाही, ही रीतीतली दुसरी अट. सांगितलं की दुसऱ्याच दिवशी शहरातली सगळी झाकणं रंगवून निघाली असती.

तर त्या सकाळची खूणही काकांनी ओरखडली होती. ओरखडल्याचं आठवायचं. काय ओरखडलं ते आठवायचं नाही. चष्मा की रेघ?

आणि बघायला जावं तर आयोगाचे लोक येऊन नऊ नंबरच्या झाकणाला लाल फडकं आणि लाखेचा शिक्का लावून गेले होते; पाणी तेव्हापासून मागच्या व्हॉल्व्हवरून सुटायचं. चावीही घेऊन गेले. तिला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली, 'वस्तू क्रमांक ४'. संघटनेच्या वकिलानं काकांना बजावलं, "विचारतील तेवढंच बोलायचं. आणि त्या झाकणाच्या आसपास फिरकायचं नाही. पुराव्याला हात लावला म्हणून तुम्हीच आत जाल."

काकांनी मान डोलावली. मनातून थोडं हायसं वाटलं, हेही खरं.

आयोगाची मुदत तीन महिने होती. जुन्या कचेरीतल्या दोन खोल्या दिल्या होत्या. एकीत निवृत्त न्यायाधीश, दुसरीत कपाटं. पहिले दोन महिने टेबल कुणाच्या खात्यातून घ्यायचं यात गेले. नमनालाच घडाभर तेल. मग मुदत वाढली. मग परत वाढली. पहिले न्यायाधीश आजारी पडून वारले, दुसऱ्यांनी खोलीत पंखा नाही म्हणून आणि आणखी काहीतरी कारणानं राजीनामा दिला, तिसऱ्यांनी आल्याआल्या सांगितलं की सगळं पहिल्यापासून ऐकू. वकील पाच होते. एक खात्याचा, एक ठेकेदाराचा, एक अध्यक्षांचा, एक रहिवाशांचा, आणि एक आयोगाचा स्वतःचा, तो बाकीच्या चौघांना वेळ संपल्याचं सांगायचा. एक अख्खी दुपार चावी पाच फूट की चार फूट अकरा इंच यावर गेली. टेप मागवली, ती तुटकी निघाली, पुढची तारीख पडली.

काका साक्षीदार क्रमांक सतरा. दर तारखेला इस्त्रीचा सदरा घालून, जेवणाचा डबा घेऊन जायचे, बाकावर बसायचे, संध्याकाळी परत यायचे.

"आज विचारलं?" बायको दारातच विचारायची.

"नाही. आज आठ नंबरची उलटतपासणी होती."

"मागच्या खेपेला आठच होते."

"मागच्या खेपेला सरतपासणी होती."

"म्हणजे सरळ विचारून झालं, आता उलटं विचारणार. तुमची पाळी येईपर्यंत आडवं विचारायला लागतील." ती डबा उघडून बघायची, पोळी तशीच असायची. "अहो, पण तुम्ही आपणहून उठून सांगत का नाही? असं असं झाकण आहे, त्याच्या पोटात असं असं लिहिलंय."

"विचारल्याशिवाय बोलायचं नसतं तिथं."

"आणि घरी? घरी मी रोज विचारते, तर घरी तरी कुठं बोलता?"

काका सदरा काढून खुंटीला लावायचे.

आयोगाच्या दारावरच्या शिपायाशी त्यांची दोस्ती जमली होती. शिपाई गप्पिष्ट; आयोगात काय चाललंय हे न्यायाधीशांपेक्षा त्यालाच जास्त ठाऊक. तोच सांगायचा, "काका, परवा हिशोब गेला वर. आयोगावर आजवर जेवढा खर्च झालाय ना, त्यात नऊ नंबरची अख्खी लाइन तीनदा नवी टाकून झाली असती. नुसता चहा, गाड्या आणि झेरॉक्स."

"तीनदा?"

"तीनदा. आणि एकदा उखडायचीसुद्धा."

काका विचार करत बसायचे. तीनदा लाइन टाकली असती तर किती जोड लागले असते, किती रबर. मग त्यांच्या लक्षात यायचं की लाइन अजून तीच आहे. रबराची पट्टी काढून लोखंडी पट्टी बसवली होती, एवढंच.

बाकावर काकांशिवाय दुसरं एकच माणूस नेमानं यायचं. वरच्या आळीतल्या, शेवटच्या घरातल्या एक बाई. पन्नाशीच्या, ताठ बसणाऱ्या, मांडीवर जाड वही. जे बोललं जाईल ते सगळं लिहून घ्यायच्या. वकिलांची भांडणं, टेपचा किस्सा, पंख्याची तक्रार, सगळं. शिपाई त्यांना वहीवाल्या बाई म्हणायचा. त्यांची धाकटी बहीण दोन दिवसांसाठी राहायला आली होती आणि त्या आठवड्यात गेली. शिपाई आवाज खाली आणून म्हणाला होता, "प्रवासातून आली, तहान लागली होती. पेला यांनीच हातात दिला म्हणतात. फिल्टरबिल्टर काही नाही, नळाखालून भरून. चार दिवसांनी पाणी आलेलं, कोण थांबणार."

बाई काकांशी कधी बोलल्या नाहीत. एकाच बाकावर, दोन टोकांना, मधे तीन माणसं बसतील एवढी जागा. काका त्यांच्याकडे बघायचे नाहीत, पण त्यांच्या पेनाचा आवाज ऐकायचे. पेन थांबलं की त्यांना वाटायचं, आता या आपल्याकडे बघतायत.

अध्यक्षांचं काय झालं, तर त्यांचं बरंच काही झालं. घटनेच्या दुसऱ्याच दिवशी ते हात जोडून म्हणाले होते, "दोषी कुणीही असो, सोडणार नाही." त्यानंतर ते मंत्री झाले. मंत्री असताना आयोगाला मुदतवाढ देणाऱ्या कागदावर त्यांचीच सही असायची. मग निवडणूक हरले आणि दुसऱ्या बाजूला जाऊन 'अहवाल कधी येणार' म्हणून मोर्चा काढला. मोर्चात सगळ्यात पुढे तेच. मग परत मंत्री झाले, आणि अहवाल कधी येणार हे आयोगाला विचारा, असं म्हणाले. काकांना या सगळ्यात माणूस दोषी आहे की फिर्यादी, हेच कळेनासं झालं. मेहुण्याला विचारलं तर तो म्हणाला, "भावोजी, तो दोन्हीकडचा आहे. तुम्ही कुठल्याच बाजूचे नाही, म्हणून तुम्हाला कळत नाही."

सातव्या वर्षी नऊ नंबरचा रस्ता काँक्रीटचा झाला. ठेकेदाराच्या माणसांनी लाल फडक्यानं हात पुसले, नवं झाकण बसवलं आणि जुनं ट्रकमध्ये टाकलं. काका तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले, समोरच्या पानपट्टीवर उभे होते. झाकण ट्रकमध्ये पालथं पडलं, नऊचा आकडा वर. दहा पावलं चालून गेले असते, ट्रकवाल्याला म्हणाले असते, "जरा उलटं कर रे", तर दोन मिनिटांचं काम होतं. काका उभे राहिले. ट्रक गेला. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. तुम्ही तर कळसा ट्रकमध्ये घालून दिलात."

नवव्या वर्षी काकांना पुकारलं. खरं नाव इतक्या वर्षांनी मोठ्यानं ऐकून ते उठलेच नाहीत. शिपायानं कोपरानं ढोसलं.

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर आयोगाच्या वकिलानं विचारलं, "हे तुमचंच नाव?"

"होय."

"व्यवसाय?"

"पाणी खात्यात चावीवाला होतो."

"समोर ठेवलेली वस्तू क्रमांक चार, ही तुमच्या वापरातली चावी आहे का?"

काकांनी चावीकडे बघितलं. दांड्याच्या उजव्या टोकाला त्यांच्या तळव्यानं झिजलेला भाग होता, तिथं आता गंज चढला होता. "होय."

"दुसऱ्या कुणाला काही विचारायचंय?"

खात्याचा वकील म्हणाला नाही. ठेकेदाराचा म्हणाला नाही. अध्यक्षांचा वकील फोनवर होता, त्यानं हातानंच नाही म्हटलं. रहिवाशांचा वकील त्या दिवशी आला नव्हता.

"जाऊ शकता."

काका खाली उतरले. डोक्यात नुसतं धुकं. बाकाशी आले तर वहीवाल्या बाईंचं पेन थांबलेलं. त्यांनी वहीत तीन ओळी लिहिल्या होत्या आणि खाली पानभर जागा सोडली होती. काकांना वाटलं, ती जागा चुकून राहिली असेल.

दोन वर्षांनी अहवाल आला. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, सगळे घरी जायच्या घाईत असताना टेबलावर ठेवला गेला. चौदाशे पानं. मेहुण्यानं कुठून तरी काकांपुरतं पान झेरॉक्स करून आणलं. काकांनी ते चष्मा लावून वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. त्यात लिहिलं होतं की घटना अनेक घटकांच्या एकत्रित परिणामातून घडली, कुणा एका व्यक्तीवर जबाबदारी निश्चित करणं उचित होणार नाही, आणि यापुढे सर्वांनी दक्षता घ्यावी.

"सुटलात की," मेहुणा म्हणाला. "पेढेवाल्याकडं जाऊ का?"

"कशातून सुटलो?"

"चौकशीतून."

"पण मग पाणी सोडलं कुणी?"

मेहुण्यानं बहिणीकडे बघितलं. ती म्हणाली, "जा तू घरी. यांचं आत्ता कुठं सुरू झालंय."

आठवड्याभरानं शिपायाचा निरोप आला. आयोगाचं सामान परत करायचंय, वस्तू क्रमांक चार भांडारात जमा करताना ओळख पटवायला काका हवेत. काका इस्त्रीचा सदरा घालून गेले. अकरा वर्षांनी चावी खांद्यावर घेतली तर खांद्याला तिचं वजन ओळखीचं वाटलं, गुडघ्यांना नाही वाटलं.

भांडारवाल्यानं वहीत नोंद केली, कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "तिकडं टेकवून ठेवा. भंगारात जायचंय सगळं या महिन्यात." कोपऱ्यात जुन्या झाकणांची चळत होती, भाकऱ्या रचाव्यात तशी. वरून चौथ्याच्या कडेवर नऊ दिसत होता.

इथं मात्र पुढं ना वकील होता, ना लाखेचा शिक्का. काका उगाच दोन मिनिटं चावी नीट टेकवत राहिले. ती आधीच नीट टेकली होती. मग त्यांनी वरची तीन झाकणं एकेक करून सरकवली. भांडारवाला म्हणाला, "कंबर मोडून घ्याल." काकांनी नऊ नंबरच्या कडेखाली बोटं घातली आणि उलटं केलं.

मातीचा थर होता. त्यांनी रुमालानं पुसलं, भांडारवाल्याच्या बाटलीतल्या पाण्यानं ओला करून परत पुसलं. डांबराचा थर शाबूत होता. ओरखडे वरून खाली उतरत होते, वर्षावर्षांचे. मिश्या, हातोडे, चष्मे. सगळ्यात खालची ओळ त्या तारखेची. त्यानंतर झाकण उघडलंच नव्हतं कुणी.

ओळीत चष्मा होता. दोन गोळे, मधे दांडी. काकांच्या छातीतून एवढा मोठा श्वास सुटला की भांडारवाल्यानं वर बघितलं. चष्म्याच्या आधी सहाचा आकडा होता. सहा आटे, हुकूम साहेबांचा.

आणि त्याच ओळीत, जरा अंतर सोडून, आणखी एक सहा. त्याच्यापुढे आडवी रेघ.

काका झाकणाशेजारी जमिनीवरच बसले. दोन्ही आठवणी खऱ्या होत्या. साहेब गाडीतून म्हणाले होते, "सहा दे, तेवढं पुरे, अध्यक्षांची आळी झाली की झालं." गाडी गेली. खालच्या आळीला पाणी लागलं. आणि वरच्या आळीच्या बायका उताराच्या टोकाशी रिकाम्या बादल्या घेऊन उभ्या होत्या, त्यांच्यातली एक ओरडत होती. मग काकांनी परत चावी बसवली आणि आणखी सहा दिले. स्वतःच्या मनानं.

मरण दोन्ही आळ्यांत होतं. खालच्या आळीतले अकरा, वरच्या आळीतले आठ. काकांनी हे आकडे अकरा वर्षांत शंभरदा ऐकले होते. आज ते वेगळे झाले आणि समोर येऊन उभे राहिले.

"हे नेऊ का मी?" त्यांनी विचारलं.

"न्या की. तेवढंच वजन कमी."

झाकण भांडाराच्या हातगाडीवर टाकून ते आधी आयोगाच्या कचेरीत गेले. सांगायचं तर तिथंच सांगायला हवं. दोन खोल्यांपैकी एकीचं दार उघडं होतं आणि शिपाई शिडी धरून उभा होता. वर एक रंगारी नवी पाटी रंगवत होता.

"काका, आता कुठं आलात? मिटलं की सगळं."

"मग ही पाटी कसली?"

"नवी चौकशी. जुन्या चौकशीला एवढा वेळ आणि एवढा खर्च का लागला, त्याची." शिपायानं शिडी सावरली. "तीन महिन्यांची आहे. टेबल तेवढं मिळायचंय."

काकांनी गाडीवरच्या झाकणाकडे बघितलं, मग शिपायाकडे. "हे घेशील का ठेवून?"

"कशाखाली नोंदवू? जुन्या चौकशीची यादी बंद झाली. नव्या चौकशीत अजून वस्तू क्रमांक एकच पडलाय, आणि तो जुना अहवाल आहे." तो झाकणावर वाकला. "काय लिहिलंय त्याच्यावर?"

"काही नाही," काका म्हणाले आणि गाडी वळवली.

वरच्या आळीचा चढ. तीस वर्षं या चढाला चावी घेऊन चढले होते, पण तेव्हा पाणीच वर चढवायचं होतं. दोनदा थांबले. शेवटच्या घरासमोर गाडी लावली आणि कडी वाजवली.

वहीवाल्या बाईंनी दार उघडलं. बाकावर दिसायच्या त्यापेक्षा घरात बुटक्या दिसत होत्या. त्यांनी आधी काकांकडे बघितलं, मग गाडीकडे.

"ताई, मी..."

"माहीत आहे कोण ते. साक्षीदार सतरा." त्या दारातून हलल्या नाहीत. "हे काय आणलंय?"

काकांनी सांगितलं. रीत सांगितली, खुणा सांगितल्या. झाकण ओट्यावर उतरवून त्यांनी बोट ठेवून दाखवलं, हा सहा साहेबांचा, हा सहा माझा. बोलताना शब्द पुढे-मागे होत होते; एकदा तर मिशी म्हणाले, चष्म्याच्या जागी.

बाई झाकणाशी बसल्या. त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. "हे अकरा वर्षं कुठं होतं?"

"चार वर्षं भांडारात. त्याआधी रस्त्यात. त्याच्या जागेवर."

"म्हणजे सात वर्षं मी यावरून चालत तारखेला जात होते."

काका रुमालानं झाकणाची कड पुसू लागले.

"तुम्ही का नाही उलटलं?"

"वकील म्हणाला, हात लावू नका."

"वकील कधी म्हणाला?"

"पहिल्या वर्षी."

"आणि बाकीची दहा?"

काकांनी ओठ ओले केले. "भ्यायलो होतो. रेघ असेल म्हणून."

बाई आत गेल्या. काकांना वाटलं, दार लागणार. पण त्या वही घेऊन आल्या. ती उघडून पानं उलटत उलटत एका जागी थांबल्या. वर तीन ओळी होत्या: नाव, व्यवसाय, चावी. खाली पानभर कोरी जागा. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"सहा आट्यांत पाणी माझ्या घरापर्यंत आलं असतं का?"

हा प्रश्न काका इतकी वर्षं ज्या बाकावर बसून वाट बघत होते, तिथं कुणी विचारला नव्हता. न्यायाधीशांनी नाही, पाच वकिलांपैकी एकानंही नाही. उत्तराला चावी लागत नव्हती, टेप लागत नव्हती.

"नसतं आलं."

त्यांनी लिहिलं. "जोड कच्चा आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

तेही लिहिलं. अक्षर बाकावर असायचं तसंच, सरळ. "मग का दिले?"

"वरच्या बायका उभ्या होत्या. एक बाई ओरडत होती. आम्ही काय माणसं नाही का, खालच्यांनाच तहान लागते का, असं. चार दिवस झाले होते. मला..." त्यांना पुढचा शब्द सापडेना. दया म्हणायला त्यांना लाज वाटली.

बाईंचं पेन थांबलं. काकांनी या वेळी त्यांच्याकडे बघितलं.

"पिवळी बादली होती तिच्याकडं," बाई म्हणाल्या. "मी ओरडत होते. बहीण यायची होती संध्याकाळी. घरात पेलाभर पाणी नव्हतं."

त्यांनी हे लिहिलं नाही. लिहावं की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं, एवढं दिसत होतं. पेन दोनदा कागदाला टेकलं आणि उचललं गेलं. काकांना म्हणावंसं वाटलं की ताई, तुमचं काय चुकलं, तहान लागली तर माणूस ओरडणारच. पण मग त्यांना वाटलं, हे आपण तोंडानं म्हटलं तर ते आपल्याच बाजूचं होईल. साहेबांची बाजू, अध्यक्षांचा शब्द, रबराची पट्टी, हे सगळं होतंच की. पण ते धरावं म्हटलं तर दरवेळी हातात दुसरंच काहीतरी येत होतं. आधी चावी, मग बादली.

चढ चढून आल्यानं त्यांचा घसा कोरडा पडला होता. ते एकदा खोकले.

"पाणी आत माठात आहे," बाई वहीकडे बघत म्हणाल्या. "उकळलेलं आहे. पण हातानं घ्यायचं. मी कुणाला देत नाही."

काका आत गेले. ओगराळ्यानं पेला भरला, तिथंच उभ्यानं प्यायले, पेला विसळून पालथा ठेवला. बाहेर आले तेव्हा मोरीतला नळ आधी फिस्कारला, मग धरला. दुपारचं पाणी सुटलं होतं. धारेच्या आवाजावरून काकांचा कान आपोआप आटे मोजू लागला. सात... आठ... नवा चावीवाला घाईत फिरवत होता. अकरावर थांबला. एक कमी.

"आता हे कुणाला दाखवायचं?" बाईंनी विचारलं. झाकण अजून त्यांच्या पुढ्यातच होतं.

"मला नाही माहीत ताई."

"अध्यक्षांना?"

"ते मंत्री आहेत."

"साहेबांना?"

"ते वारले. मागच्या वर्षी."

बाईंनी मान हलवली, हे त्यांना ठाऊक असल्यासारखी, वहीत असणारच. मग त्यांनी ओट्यावर थोडी जागा करून दिली, बाकावर असायची तेवढी नाही, एका माणसाची. काका बसले.

"सुरुवातीपासून सांगा," त्या म्हणाल्या. "सकाळी घरून निघालात तेव्हापासून. कुणी काही विचारलं नाही असं समजू नका. मी विचारतेय."

अकरा वर्षं सदऱ्याला इस्त्री करताना काकांनी हीच गोष्ट मनात म्हटली होती, पण सुरुवात नेमकी कुठून करायची, हे आता त्यांना सुचेना. चौकातल्या कर्ण्यापासून? फुटलेल्या जोडापासून? की थोरल्या मिस्त्रींनी पहिल्यांदा हातात खिळा दिला तिथपासून?

"सकाळी," ते म्हणाले, आणि थांबले. "नाही. त्याच्या आदल्या संध्याकाळी."

बाईंनी लिहिलेला शब्द खोडला आणि पेन नव्या ओळीवर नेलं.